शंकरदासचा शैलेंद्र झाला, पण नाव दाराबाहेरच राहिले!

दरवर्षी ६ डिसेंबरला लाखोंचा जनसागर दादरला लोटतो. चैत्यभूमीवर नतमस्तक होऊन, शिवाजी पार्कवरच्या स्टॉलवरून घेतलेली पुस्तके पिशवीत घालून आपली माणसे परतीच्या गाडीत बसतात. कल्याणच्या दिशेने जाणारी लोकल दादर सोडते आणि पुढे माटुंगा येते. रुळांना लागून रेल्वेच्या वर्कशॉपच्या लांबच लांब शेडी दिसतात. दिवसभराच्या दगदगीने डोळे मिटत आलेले असतात, त्यामुळे तिकडे कुणाचे लक्ष जात नाही. पण त्या वर्कशॉपमध्ये एकेकाळी एक तरुण कामगार लोखंडाला लोखंड जोडण्याचे काम करीत होता. बिहारमधल्या एका अस्पृश्य कुटुंबातला होता. पुढे त्याने लिहिलेली गाणी साऱ्या देशाने गायिली. १४ डिसेंबर १९६६ रोजी त्याचे निधन झाले. म्हणजे परमपूज्य बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर दहा वर्षे आणि आठ दिवसांनी. त्या कामगाराचे नाव शंकरदास केसरीलाल. जग त्याला गीतकार शैलेंद्र म्हणून ओळखते.

आपल्या मोर्चांमध्ये आणि धरण्यांमध्ये एक हिंदी घोषणा हमखास दिली जाते. जुलूम कोणताही असो, त्याच्याशी टक्कर संपानेच घ्यायची, अशा अर्थाची ती घोषणा आहे. शिष्यवृत्तीसाठी समाजकल्याण कार्यालयासमोर बसलेले विद्यार्थी ती देतात. कंत्राटी सफाई कामगार देतात. बहुतेकांना वाटते की ही कम्युनिस्टांची जुनी घोषणा, कुणीतरी कधीतरी लिहिलेली. ती शैलेंद्र यांच्या लेखणीतून उतरलेली आहे. ज्याचे शब्द आम्ही घसा फोडून ओरडतो त्याचे नाव आम्हाला ठाऊक नाही, आणि तो आमच्यातलाच होता हे तर त्याहून ठाऊक नाही. म्हणून आज हा लेखनप्रपंच.

शैलेंद्र यांचे मूळ गाव बिहारमधल्या आरा भागातील अख्तियारपूर. जात चर्मकार, त्यातली धुसिया पोटजात. त्यांचा जन्म मात्र गावात झाला नाही. ३० ऑगस्ट १९२३ रोजी ते रावळपिंडीत जन्मले, कारण वडील केसरीलाल पोटासाठी तिकडे लष्करी छावणीच्या आश्रयाला गेले होते. आमच्या वाचकांना ही वाट नवी नाही. बाबासाहेबांचा जन्मही महूच्या छावणीतला. सुभेदार रामजींच्या पिढीपासून आणि त्याही आधीपासून अस्पृश्यांना गावाच्या बाहेर पडण्याचा जो थोडाफार मार्ग मिळाला तो छावणीतून, रेल्वेतून, गिरणीतून मिळाला. गावगाड्याने जे दिले नाही ते पगाराच्या चिठ्ठीने दिले. शैलेंद्र यांचे सारे आयुष्य याच मार्गावरून गेले. आधी छावणी, मग रेल्वे आणि शेवटी स्टुडिओ.

रावळपिंडीत दिवस फिरले तेव्हा हे कुटुंब मथुरेला आले. तिथे शाळा झाली, कविता लिहिण्याचा नाद लागला. हॉकीचीही आवड होती. या हॉकीची एक हकिकत त्यांच्याबद्दल लिहिणारे नेहमी सांगतात. मैदानावर खेळत असताना सवर्ण मुलांनी आता हे लोकही खेळणार का, अशा अर्थाचे टोमणे मारले. त्या मुलाने हातातली स्टिक मोडून टाकली आणि मैदान कायमचे सोडले. वाचकहो, ही हकिकत वाचून आम्हाला साताऱ्याच्या शाळेत गोणपाटावर बसवलेला भिवा आठवला. फरक एवढाच की भिवाने त्या अपमानाची जाहीर फिर्याद पुढे साऱ्या जगापुढे मांडली आणि व्यवस्थेला कोर्टात खेचले. शंकरने स्टिक मोडली आणि तो अपमान पोटात ठेवला. तो बाहेर आला, पण दुसऱ्या रूपाने आला. ते रूप आपण पुढे पाहू.

मथुरेहून ते मुंबईला आले आणि १९४७ मध्ये माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये अप्रेंटिस म्हणून लागले. तेव्हा ही रेल्वे जीआयपी या नावाने ओळखली जात होती. जीआयपी हे नाव आंबेडकरी माणसाने विसरता कामा नये. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला याच जीआयपी रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद झाली आणि बाबासाहेब तिचे अध्यक्ष होते. रेल्वेत अस्पृश्याला गँगमन म्हणून आयुष्य काढावे लागते, त्याला साधा पोर्टरही करीत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरातली कामे करावी लागतात आणि तिथे विटाळ आडवा येतो, हे बाबासाहेबांनी तिथे उघड करून सांगितले. वर्कशॉपमध्येही कुशल कामाच्या जागा अस्पृश्यांच्या वाट्याला येत नाहीत, हेही त्यांनी मांडले. आणि कामगारांचे शत्रू दोन आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, हा सिद्धांत त्यांनी याच परिषदेत ठणकावून सांगितला. त्यानंतर नऊ वर्षांनी त्याच रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये एक चर्मकार तरुण वेल्डिंगची हत्यारे हातात घेतो, ही काही लहान गोष्ट नव्हती.

दिवसा वर्कशॉप आणि संध्याकाळी कविता असा त्यांचा दिनक्रम होता. त्या काळात मुंबईत इप्टाचा, म्हणजे भारतीय जननाट्य संघाचा जोर होता. परळ-लालबागच्या मैदानांत कामगारांसमोर नाटके, पोवाडे, कविता होत. आपले अण्णाभाऊ साठे, शाहीर अमर शेख आणि गवाणकर यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक काढले होते. शैलेंद्र याच वातावरणात घडले. संपाची ती घोषणा इथलीच.

याच काळात पंजाब पेटला होता. फाळणीच्या त्या आगीवर शैलेंद्र यांनी लिहिलेली कविता एका कार्यक्रमात राज कपूर यांनी ऐकली. राज कपूर तेव्हा विशीतले होते आणि 'आग' हा आपला पहिला चित्रपट उभा करीत होते. त्यांना ती कविता चित्रपटासाठी हवी होती. शैलेंद्र यांनी सरळ नकार दिला. आपली कविता विक्रीला नाही, असे त्यांचे म्हणणे. महिन्याच्या पगारावर जगणाऱ्या कामगाराने मोठ्या नटाच्या मुलाला हे सांगितले! कामगाराचा हा ताठा आम्हाला आवडतो. पण ताठ्याने घर चालत नाही, हेही खरे. १९४८ मध्ये लग्न झाले, लवकरच पत्नी शकुंतला गरोदर राहिल्या. बाळंतपणाला पैसे हवेत आणि खिशात काही नाही. तेव्हा ते स्वतःहून राज कपूर यांच्याकडे गेले आणि पाचशे रुपये मागितले. 'बरसात' जवळजवळ तयार झाला होता, दोन गाणी उरली होती. शैलेंद्र यांनी ती दोन्ही लिहून दिली. १९४९ मध्ये 'बरसात' लागला आणि वर्कशॉपमधल्या कामगाराचा गीतकार झाला.

सिनेमाचा इतिहास लिहिणारे ही गोष्ट राज कपूर यांच्या मोठ्या मनाची म्हणून सांगतात. आम्ही ती वेगळ्या प्रकारे वाचतो. ही एका कामगाराने बाळंतपणाच्या खर्चासाठी आपले श्रम विकल्याची गोष्ट आहे. यात कमीपणा काही नाही. आमच्या आईबापांनी हेच केले. मात्र कलावंताच्या प्रेरणेबद्दल भारावून बोलणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे की हिंदी सिनेमातल्या एका थोर गीतकाराचा प्रवास पाचशे रुपयांच्या नडीतून सुरू झाला.

'बरसात'च्या संगीताचा चमू पाहा. शंकर हैदराबादेतून आलेले तबलावादक. जयकिशन गुजरातमधल्या बांसद्याचे, पेटी वाजवणारे. दोघेही पृथ्वी थिएटरमध्ये वादक म्हणून नोकरीला. दुसरे गीतकार हसरत जयपुरी मुंबईत बसकंडक्टर होते. आणि शैलेंद्र रेल्वेत. म्हणजे तबलजी, पेटीवाला, कंडक्टर आणि वेल्डर! या चौघांनी पुढची सतरा-अठरा वर्षे हिंदी सिनेमाचे संगीत आपल्या खांद्यावर वाहिले. यातल्या कुणाच्याही मागे घराणे नव्हते. हात आणि कान तयार होते, आणि त्या वेळी एक दार उघडे सापडले.

पण त्या दारातून आत जाताना शंकरदास केसरीलाल हे नाव बाहेर राहिले. आत गेले ते नुसते शैलेंद्र. ना वडिलांचे नाव, ना आडनाव. कवीने टोपणनाव घेणे ही हिंदीतली जुनी रीत आहे, हे आम्हाला मान्य आहे. पण टोपणनावाने कुणाचे काय झाकले जाते हेही पाहिले पाहिजे. सवर्ण कवीचे टोपणनाव हा अलंकार असतो. दास लावलेल्या नावाने ज्याला शाळेत टोमणे मिळाले, त्याच्यासाठी आडनाव नसलेले एकशब्दी नाव हे छप्पर असते. पुढच्या सतरा वर्षांत मुंबईच्या त्या झगमगाटात त्यांची जात जाहीरपणे कधी बोलली गेली नाही. त्यांच्या निधनानंतर कित्येक दशकांनी, २०१३ मध्ये, मुलाने त्यांच्या कवितांचा संग्रह प्रसिद्ध केला आणि त्यात घराण्याची जात स्पष्टपणे नोंदवली, तेव्हा कुठे हिंदी वाङ्मयविश्वात खळबळ झाली. काहींनी तर मुलालाच दूषणे दिली की बापाला जातीत कशाला ओढता! हा प्रश्न विचारणाऱ्यांना आम्ही विचारतो, जातीचा अभिमान मिरवणाऱ्या आडनावांना तुम्ही कधी हा प्रश्न विचारला काय?

शैलेंद्र यांचे काम कसले होते तेही समजून घेतले पाहिजे, कारण सिनेमाचे गाणे आणि वहीतली कविता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आधी दिग्दर्शक प्रसंग सांगतो. बहुतेक वेळा चाल आधी तयार असते. संगीतकार पेटीवर ती चाल वाजवीत राहतो आणि गीतकाराने त्या मापात शब्द बसवायचे असतात, एक अक्षर कमी नाही की जास्त नाही. शब्द गाणाऱ्याच्या तोंडी बसले पाहिजेत, पडद्यावरच्या पात्राला शोभले पाहिजेत आणि पिटातल्या प्रेक्षकाला पहिल्या फटक्यात कळले पाहिजेत. हे कारागिराचे काम आहे. शैलेंद्र यांनी ते अशा साध्या हिंदीत केले की हमालाला आणि प्राध्यापकाला एकच गाणे आपले वाटावे. जड उर्दू नाही, संस्कृताळलेली हिंदी नाही. आरा-मथुरेच्या मातीतली बोली त्यांनी स्टुडिओत आणली. १९६३ मध्ये भोजपुरीतला पहिला बोलपट 'गंगा मैया तोहे पियरी चढ़ैबो' आला, त्याची गाणीही त्यांचीच. ज्या बोलीला गावंढळ म्हणून हिणवले जाई, ती बोली पडद्यावर आली.

'आवारा' १९५१ मध्ये आला, 'श्री ४२०' १९५५ मध्ये. 'आवारा' सोव्हिएत रशियात गाजला आणि तिथल्या रस्त्यांवर हिंदी गाणे ऐकू येऊ लागले. बिमल रॉय यांच्या 'दो बीघा जमीन'मध्ये (१९५३) जमीन वाचवण्यासाठी कलकत्त्यात रिक्षा ओढणाऱ्या शेतकऱ्याची कथा आहे, त्याची गाणी शैलेंद्र यांची. 'जागते रहो', 'मधुमती', 'अनाडी', 'बंदिनी', 'संगम', 'गाईड' अशी यादी लांबत जाते. गाण्यांची संख्या आठशेच्या आसपास भरते. फिल्मफेअरने गीतकारांसाठी पुरस्कार सुरू केला तेव्हा पहिलाच पुरस्कार त्यांना 'यहुदी'साठी मिळाला, दुसरा 'अनाडी'साठी. तिसरा 'ब्रह्मचारी'साठी (१९६८) मिळाला, तोवर ते या जगात नव्हते.

या यादीतल्या एका चित्रपटाजवळ आम्ही मुद्दाम थांबतो. राज कपूर यांनी निर्मिलेला 'बूट पॉलिश' १९५४ चा. झोपडपट्टीतली दोन अनाथ मुले भीक मागायला नकार देतात आणि बूट पॉलिश करून स्वाभिमानाने जगू पाहतात. शैलेंद्र यांनी त्यात गाणी लिहिली आणि एका छोट्या भूमिकेत ते पडद्यावरही दिसले. चित्रपटाने श्रमाची थोरवी सांगितली, सारा देश गहिवरला. पण बुटाला हात लावण्याचे काम या देशात कुणाच्या वाट्याला आले आणि का आले, हे त्या चित्रपटाने सांगितले नाही. चामड्याला हात लावतो म्हणून ज्या समाजाला गावाबाहेर ठेवले गेले, त्याच समाजातला माणूस त्या चित्रपटाची गाणी लिहीत होता! हे त्या प्रेक्षागृहात कुणालाही ठाऊक नव्हते. पुढे १९५९ मध्ये बिमल रॉय यांनी अस्पृश्य मुलीवर 'सुजाता' काढला. बिमल रॉय यांच्यासाठी शैलेंद्र यांनी अनेक चित्रपट केले, मात्र 'सुजाता'ची गाणी मजरूह सुलतानपुरी यांची आहेत. त्यामागे कारण काहीही असो, अस्पृश्यतेवरच्या हिंदीतल्या गाजलेल्या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत त्यांचे नाव नाही, याची हळहळ आम्हाला वाटते.

सिनेमाच्या धंद्यात काम कसे मिळते याचाही एक किस्सा सांगण्यासारखा आहे. शंकर-जयकिशन यांनी शैलेंद्र यांची शिफारस इतर निर्मात्यांकडे करण्याचा शब्द दिला होता आणि तो विसरला गेला. शैलेंद्र भांडले नाहीत. त्यांनी दोन ओळींची एक चिठ्ठी पाठवली. त्यातला सौम्य टोला संगीतकारांना बरोबर लागला, त्यांनी माफी मागितली, आणि त्याच ओळींचे पुढे 'रंगोली'मध्ये (१९६२) गाणे झाले. सारे जण हा किस्सा हसत सांगतात. आम्हाला त्यात हसू येत नाही. इतक्या नामवंत गीतकाराचे कामही कुणीतरी शब्द टाकण्यावर अवलंबून होते, तर ज्याचे कुणीच नाही त्याचे काय होत असेल? पुढे 'गाईड'च्या वेळी आधी दुसऱ्या गीतकाराला विचारून मग आपल्याकडे आले म्हणून शैलेंद्र यांनी भलीमोठी रक्कम मागितली आणि देव आनंद यांनी ती कबूल केली, असे सांगतात. पाचशे रुपयांसाठी गेलेला माणूस आता आपल्या श्रमाची किंमत स्वतः ठरवू लागला होता.

आणि हा माणूस वर चढल्यावर शिडी काढून घेणारा नव्हता. 'बंदिनी'च्या वेळी एका तरुण कवीला त्यांनी आग्रहाने बिमल रॉय यांच्याकडे पाठवले. तो तरुण मुंबईत एका मोटार गॅरेजमध्ये काम करीत होता आणि सिनेमात जायला फारसा राजी नव्हता. त्याने एक गाणे लिहिले, बिमल रॉय यांनी त्याला पुन्हा गॅरेजमध्ये जाऊ दिले नाही. तो तरुण म्हणजे गुलजार. एका कामगाराने दुसऱ्या कामगारासाठी दार धरून ठेवले, म्हणून हे घडले.

आता शेवटाकडे येऊ. फणीश्वरनाथ रेणू यांच्या एका कथेने शैलेंद्र यांना झपाटले. बैलगाडी हाकणारा साधाभोळा हिरामन आणि नौटंकीत नाचणारी हिराबाई यांची ती कथा. आपल्याकडे तमाशातल्या कलावतींची जी उपेक्षा झाली, तीच उत्तरेत नौटंकीतल्या बाईची. १९६० मध्ये त्यांनी रेणू यांना पत्र लिहिले आणि 'तीसरी कसम' स्वतः निर्माता होऊन काढायचे ठरवले. दिग्दर्शक बासू भट्टाचार्य, कॅमेरामन सत्यजित राय यांच्याबरोबर काम केलेले सुब्रत मित्र, मुख्य भूमिकांत राज कपूर आणि वहिदा रहमान. राज कपूर यांनी आधी सारे पैसे आगाऊ पाहिजेत म्हणून थट्टा केली आणि मग एक रुपया घेतला, असे सांगतात. पण चित्रपट एका नटाच्या एका रुपयावर उभा राहत नाही. कच्ची फिल्म रोखीने घ्यावी लागते, स्टुडिओचे भाडे, कामगारांचे रोजचे पैसे रोजच्या रोज द्यावे लागतात. तारखा पुढे गेल्या की व्याज वाढते. लवकर हातावेगळा होईल वाटलेला चित्रपट वर्षानुवर्षे रेंगाळला. शेवट गोड करा, असा आग्रह झाला. शैलेंद्र यांनी कथेचा शेवट बदलला नाही. १९६६ मध्ये चित्रपट लागला आणि पडला. सावकार दारात, जवळचे म्हणवणारे गायब. दारूने आधीच पोखरलेली तब्येत खचली. १४ डिसेंबरला, राज कपूर यांच्या वाढदिवशीच, वयाच्या अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी हा माणूस गेला. त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपती सुवर्णपदक 'तीसरी कसम'लाच मिळाले. पदक आले तेव्हा घेणारा नव्हता. 'मेरा नाम जोकर'साठी त्यांनी सुरू केलेले गाणे मुलाने पुरे केले.

बाबासाहेबांनी मनमाडला सांगितलेले दोन शत्रू इथे पुन्हा आठवतात. शैलेंद्र यांच्या लेखणीने भांडवलशाहीविरुद्ध घोषणा दिली, आणि अखेर सिनेमाच्या भांडवलानेच त्यांना गिळले. दुसऱ्या शत्रूविरुद्ध, ब्राह्मणशाहीविरुद्ध, त्यांनी जाहीरपणे शब्द काढला नाही. माटुंग्याच्या वर्कशॉपपासून दादरच्या हिंदू कॉलनीतले राजगृह पायी जाण्याच्या अंतरावर आहे. पण शैलेंद्र यांची वाट तिकडे वळली नाही. अण्णाभाऊही डाव्या चळवळीतलेच, पण १९५९ मध्ये 'फकिरा' लिहिली तेव्हा त्यांनी ती बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली. शैलेंद्र यांच्याकडून असे काही झाले नाही, हे आम्ही लपवीत नाही. चळवळीतले काही मित्र म्हणतील, जो बाबासाहेबांचा झाला नाही त्याची जयंती-पुण्यतिथी आम्ही का करावी?

आमचे उत्तर असे आहे. कुणी जात लपवली म्हणून त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याआधी, ती लपवायला भाग पाडणारी व्यवस्था पिंजऱ्यात उभी केली पाहिजे. आज आमच्यापैकी कितीजणांना शहरात भाड्याने खोली घेताना आडनाव सांगायला जीभ अडखळते? कार्यालयात भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावण्याआधी कितीजण दोनदा विचार करतात? हे आपण मनाशी कबूल करू, मग शैलेंद्र यांच्याकडे बोट दाखवू. आणि मोडलेल्या हॉकी स्टिकचा संताप त्यांच्यात विझला होता असे आम्हाला वाटत नाही. पायदळी तुडवलेल्या माणसाची जी कणव त्यांच्या गाण्यात आहे, ती पुस्तकातून आलेली नाही.

शैलेंद्र यांना आम्ही देव्हाऱ्यात बसवू इच्छित नाही. आंबेडकरी म्हणून त्यांच्यावर शिक्का मारणेही अप्रामाणिकपणाचे होईल. एक कामगार म्हणून त्यांचे आयुष्य वाचावे, एवढेच आमचे म्हणणे. कारण आज आमच्या वस्त्यांतली शेकडो मुले-मुली या धंद्यात जात आहेत. कुणी गोरेगावच्या फिल्मसिटीत लाइटमन आहे, कुणी स्पॉटबॉय, कुणी मेकअपमनचा मदतनीस, कुणी गर्दीच्या दृश्यात उभे राहणारा ज्युनिअर आर्टिस्ट. पहाटे पाचची गाडी पकडायची, सप्लायरचा वाटा देऊन हातात उरेल ते घ्यायचे, पैसे महिने-महिने थकले तरी गप्प बसायचे, कारण तोंड उघडले तर पुढचे काम नाही. युनियनचे कार्ड काढायचे तर पदरी रक्कम नाही. ओळख हीच तिथली पात्रता, आणि ओळख जातीच्या, नात्याच्या वर्तुळातच फिरते. कामाचे तोंडी वायदे आहेत, कागद नाही.

कागदाचे महत्त्व शैलेंद्र यांच्याच उदाहरणाने सांगतो. त्यांच्या काळात गीतकाराला एकरकमी पैसे मिळत आणि गाण्याचा हक्क निर्मात्याचा होई. गाणे पुढे पन्नास वर्षे वाजले तरी लिहिणाऱ्याच्या घरी दमडी पोहोचेलच असे नाही. गीतकार-संगीतकारांना आपल्या गाण्याच्या कमाईतला वाटा मिळण्याचा, आणि तो निर्मात्याला लिहून देता न येण्याचा हक्क कायद्याने दिला तो २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीत. शैलेंद्र यांच्या मृत्यूनंतर तब्बल शेहेचाळीस वर्षांनी! हा कायदा आमच्या किती तरुण गायक-शाहिरांना माहीत आहे? आमच्या भीमगीतांच्या कॅसेट विकून कंपन्या गबर झाल्या आणि गाणारे-लिहिणारे झोपडीत मेले, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

आज चित्र थोडे पालटले आहे. नागराज मंजुळे यांनी २०१३ मध्ये 'फँड्री' काढला, २०१६ मध्ये 'सैराट'. पा. रंजित यांनी २०१८ च्या 'काला'त धारावीतला बुद्धविहार पडद्यावर आणला. ही मंडळी नाव बाहेर ठेवून आत गेली नाहीत, बाबासाहेबांचा फोटो हातात घेऊन गेली. शैलेंद्र यांना जे शक्य झाले नाही ते यांना शक्य झाले, कारण मधल्या काळात चळवळ उभी राहिली. एकट्या माणसाच्या गुणवत्तेने दार थोडेसे किलकिले होते. ते उघडे ठेवायला मागे समाज लागतो.

म्हणून आंबेडकरी जनतेला आमचे आवाहन आहे. या १४ डिसेंबरला आपापल्या विहारात, ग्रंथालयात शैलेंद्र यांची आठवण जरूर करा, पण नुसती गाणी लावून थांबू नका. वस्तीतले जे कोणी सिनेमा-मालिकांच्या धंद्यात काम करतात त्यांना एकत्र बोलवा. कुणाचे किती पैसे थकले आहेत ते विचारा. युनियनच्या कार्डासाठी मंडळाच्या वर्गणीतून मदत करता येते का ते पाहा. कराराचा कागद वाचून दाखवणारा एखादा वकील आपल्यात आहेच, त्याला तिथे बसवा. आणि जो आधी आत गेला आहे त्याने मागच्यासाठी दार धरून ठेवावे, जसे शैलेंद्र यांनी गॅरेजमधल्या त्या तरुणासाठी धरले होते.

आमच्या पोरांनी सिनेमात जावे, जरूर जावे. पण शंकरदास केसरीलालला जे नाव दाराबाहेर ठेवावे लागले, ते नाव त्यांनी सोबत घेऊनच आत जावे!

जयभीम!